जोडपट्ट्यांची पूजा

ही गोष्ट फार पुढची नाही. आज बालवाडीत जाणारी पोरं बाशिंग बांधून उभी राहतील, तेवढ्यापुरती पुढची. वाईत तेव्हाही कृष्णा वाहतच होती. एस.टी. मात्र धूर न सोडता नुसती गुणगुणत यायची. आणि वाईपासून लोणंदपर्यंत कुणाचंही लग्न ठरलं, की मुहूर्ताच्या आधी भानुदास आचाऱ्याची तारीख घेतली जायची.

भानुदास शिंगटे म्हणजे जिलबी. हातातली पिठानं भरलेली कापडी पुरचुंडी तेलावर फिरली की फुलाला पाकळ्या याव्यात तशी वेटोळी उमलायची. तीस वर्षं उमलली. मग एके दिवशी उकळत्या तेलाचा एक थेंब त्यांच्या उजव्या पावलावर पडला. आचाऱ्याला तेल आणि नावाड्याला पाणी लागायचंच, त्याचं काही नाही. पण हा फोड दोन महिने भरेना.

"काका, ही जखम तेलाची असली तरी तिला उघडं ठेवलंय साखरेनं," डॉक्टर ऋजुता भोईटे म्हणाल्या. वयानं लेकीएवढ्या, पण बोलणं सासूसारखं. "शंभर दिवस देते. साखर उतरली तर उत्तम. नाही उतरली तर भट्टीसमोर उभं राहणं बंद. पुढचा फोड भरलाच नाही, तर पाय वाचवू की जिलबी, हे मला विचारायला येऊ नका."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या उज्ज्वलानं नवऱ्याकडं पाहिलं. भानुदासांनी पायाकडं पाहिलंच नव्हतं. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. जणू उद्यापासून ह्या हातानं करायचं काय, हे त्यालाच विचारत होते. उज्ज्वलाच्या काळजात कळ उठली, आणि त्या कळेसरशी तिनं पदर खोचला.

"शंभर दिवस ना? माझ्यावर सोडा."

डॉक्टरांनी कपाटातून एक डबी काढली. कुंकवाच्या करंड्याएवढी, वर दोन बारके दिवे आणि एक चिमुकला पडदा. सोबत दोन पट्ट्या, प्रत्येकी रुपयाएवढ्या.

"ही जोडपट्टी. दंडावर चिकटवायची. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया आहेत. रक्तापर्यंत जात नाहीत, कातडीखाली पेशींच्या मधून जो ओलावा झिरपतो त्यातली साखर वाचतात. चाललेली पावलंही मोजतात. माणूस परगावी असला तरी आकडे डबीत येतात. आणि डबी हळूहळू तुमचं अंग शिकते. एकच भाकरी एकाला पचते, दुसऱ्याची साखर चढवते. कुणाला काय चढतं, हे पंधरा दिवसांत हिला कळतं. हिरवा दिवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे जेवणात काहीतरी चुकलं."

"पण दोन कशाला?" उज्ज्वलानं विचारलं. "आजारी हे आहेत."

"कारण एका घरात राहणाऱ्या दोघांची साखर बहुधा जोडीनं चढते नि जोडीनं उतरते. एकट्याला बदलायला गेलं की घर त्याला परत ओढून घेतं. म्हणून पट्टी दोघांना. ही एक नंबरची काकांची, ही दोन नंबरची तुमची. आकडा वर छापलाय. शंभर दिवस काढायची नाही, अंघोळीलासुद्धा."

आता नवी वस्तू घरात आली आणि तिला हळदीकुंकू लागलं नाही, असं शिंगट्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. मिक्सर आला, पूजा. गॅसची शेगडी जाऊन विजेची आली, पूजा. मग नवऱ्याच्या पायाची काळजी घ्यायला आलेल्या पट्ट्या तशाच कशा लावायच्या? उज्ज्वलानं चांदीचं ताम्हन घेतलं, पाट मांडला, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, उजवीकडं त्यांची, डावीकडं आपली. आधी हळद, वर कुंकू, वर अक्षता. देवाला ओवाळून ताम्हन तुळशीपुढं नेलं, तिथं ओवाळलं, सूर्याला दाखवलं, परत आणलं. मग उजवीकडची भानुदासांच्या दंडावर चिकटवली आणि डावीकडची आपल्या.

"हळद पुसायची नाही का?" भानुदास म्हणाले.

"देवाची हळद कुणी पुसतं का? राहू द्या. रोज अंघोळीनंतर वर नवी चिमूट लावीन. झाली तर बरकतच होईल."

दुसऱ्या दिवसापासून घराचं पंचांग बदललं. गव्हाच्या पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी, बटाट्याच्या जागी पडवळ. सकाळी चहाऐवजी मेथीचं पाणी, त्यानंतर नदीच्या घाटावर चालायला. उज्ज्वला दारापर्यंत सोडायला यायची, पण स्वतः जायची नाही. तिला भाकऱ्या असत.

"तूही चल की," ते म्हणत.

"मी आले तर तुमचं पथ्य कोण रांधेल? आणि घरातल्या घरात माझं कमी होतं का चालणं?"

ते एकटेच जात. जेवताना ती समोर बसून शिकवी, डॉक्टरांनी सांगितलेलं आणि त्यावर स्वतःचं चार आणे घालून. "आधी कोशिंबीर, मग भाजी, मग डाळ, भाकरी सगळ्यात शेवटी. पोटात आधी पालापाचोळा गेला की मागून येणारी साखर दमानं झिरपते. नाहीतर बांध फुटल्यागत येते."

"गाईसारखं आधी गवत. बरं," म्हणून भानुदास काकडी कुरकुरत.

त्यांचं जेवण झालं की ती जेवायची, म्हणजे उभ्या उभ्या पातेली आवरायची. शिळ्या भाकरीचा कुस्करा, भाताची खरवड, आमटीचा तळ. आणि डबा. लग्न उरकलं की यजमानाच्या घरून आचाऱ्याच्या बायकोसाठी स्टीलचा डबा भरून यायचा, हा मान होता. आत जिलबी, बुंदी, कधी श्रीखंड. पूर्वी त्या डब्यावर भानुदास ताव मारत. आता डबा आला की उज्ज्वला तो त्यांच्या नजरेआड करायची. टाकायचा? अन्न टाकणं पाप. शेजारी द्यायचा? मानाचा डबा वाटून टाकला असं यजमानाच्या कानावर गेलं तर? मग उरलं काय? त्यांचा घात होऊ नये म्हणून ती एकेक जिलबी तोंडात टाकून डबा धुऊन ठेवायची. कर्तव्य म्हणून. फार गोड लागायचं कर्तव्य.

आणि डबी? डबीनं पंधरा दिवसांत जाहीर केलं, ते ऐकून उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या नावाचा दिवा हिरवागार, पावसानंतरच्या पाचगणीसारखा. दिवसाला आठ-आठ हजार पावलं. आणि नवऱ्याच्या नावाचा दिवा पिवळा, पिवळ्याचा तांबडा. पावलं जेमतेम अडीच हजार.

"बघा! बाईमाणसाचं घरातलं चालणं बघा! आणि तुम्ही? घाटावर जाऊन कट्ट्यावर बसता होय?"

"अगं, मी मेणवलीच्या वाटेला वळून येतो रोज."

"मग पावलं कुठं गेली? नदीनं नेली?"

यंत्रापुढं माणसाचं काय चालतं?

दिवस उन्हाळ्याचे आले. उज्ज्वलाला तहान लागायची, तांब्यामागून तांबे रिचवायची, दुपारी अंग गळून जायचं. उन्हाळाच तसा, ती म्हणायची. भाकरी थापता थापता आईकडून आलेल्या चालीवर तिनं एक ओवी रचली आणि ती नवऱ्याच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हटली:

*जिभेपाशी हरला गं, माझा कंथ शहाणा,*
*रोज नवी सबब नि रोज नवा बहाणा.*

पूर्वी तिच्या ओवीला ते बाहेरून दाद द्यायचे. आज ओसरीवरून काही आवाज आला नाही.

ऐंशीव्या दिवशी दिवा असा तांबडा झाला की सकाळी देवघरात निखारा ठेवलाय असं वाटावं. आदल्याच दिवशी भानुदास भुईंजच्या लग्नाहून आले होते, डबा घेऊन. ते घाटावरून चालून परतले तेव्हा उज्ज्वला उंबऱ्यातच उभी राहिली.

"खरं सांगा. काय खाल्लंत?"

"चव बघितली. आमटीची, भाताची. चिमूटभर."

"चिमटीनं दिवा एवढा तांबडा होतो? खोटं बोलताय तुम्ही."

भानुदासांनी चपला काढल्या. एक काढली आणि दुसरी तशीच पायात राहिली.

"तीस वर्षांत भाजीत मीठ कमी पडलं असेल, उज्ज्वला," ते हळू म्हणाले. "तुझ्याशी खोटं कधी पडलं नाही. पण तुला चवीचाच संशय असेल, तर उद्यापासून भट्टीवरचा एक कण जिभेला लावणार नाही. देवाशपथ."

"अहो, मी तसं…"

"परवा लोणंदचं लग्न आहे. सहाशे पान. बिनचवीचं रांधीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तयारीसाठी लोणंदला गेले. जाताना घाटावरून चालूनच स्टँडवर गेले, हे तिनं खिडकीतून पाहिलं. मग घर फार मोठं वाटायला लागलं.

आचाऱ्यानं चव घ्यायची नाही म्हणजे गवयानं कान बंद करून गायचं. मीठ जास्त झालं तर? सहाशे माणसं पानावरून उठली तर? जो हात वाचवायला आपण एवढा आटापिटा केला, त्याचं नाव आपणच घालवतोय की काय? विचार करकरून उज्ज्वलाला जेवण गेलं नाही. दुपारी ती फडताळापाशी गेली. भुईंजचा डबा अर्धा उरला होता. जिलब्या नरम पडलेल्या, पाकानं भिजलेल्या. उद्या आंबतील. तिनं एक खाल्ली, मग दुसरी. डोळ्यांत पाणी होतं, तरी चौथी खाल्ली.

अर्ध्या तासानं नवऱ्याच्या नावाचा दिवा तांबडा झाला.

तिनं तडक फोन लावला. "अहो, काय खाल्लंत आत्ता?"

"पाणी पितोय," पलीकडून दमलेला आवाज आला. मागं पातेल्यांचा खणखणाट होता. "तानूमावशीला विचार."

मागून तानूमावशी ओरडली. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची ती म्होरकी. "उज्ज्वला, तुझ्या नवऱ्यानं सकाळधरनं काकडीबिगर कशाला हात लावला नाही गं! काय केलंस काय त्याला?"

उज्ज्वलानं फोन ठेवला. हातात जिलबीचा पाक चिकटला होता. तिनं हाताकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं. ती डबी माणूस कुठं आहे ते सांगत नसे, फक्त कसा आहे ते सांगे.

बाईला शाळा सोडून पस्तीस वर्षं झाली होती, पण विज्ञान पुस्तकातच राहतं असं थोडंच आहे? दूध नासलं तर कुठल्या भांड्यानं, हे एकेक भांडं घासून बायका शोधतातच. उज्ज्वलानं डबी ओट्यावर ठेवली. तिच्या पडद्यावर भानुदासांची पावलं होती एक हजार एकशे बारा. तिनं पदर खोचला आणि स्वयंपाकघरातून तुळशीपर्यंत, तुळशीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालायला लागली. मोजून पाचशे पावलं टाकली. घाम पुसत पडद्यावर वाकली.

भानुदास: एक हजार सहाशे बारा.

ती जागच्या जागी खिळली. आणि ती अशी दगडासारखी उभी असताना तिच्या स्वतःच्या नावापुढचा आकडा मात्र एकेक करत पुढं सरकत होता. सहा हजार दहा. सहा हजार बावीस. ओट्यापाशी उज्ज्वला निश्चल उभी होती आणि डबीतली उज्ज्वला लोणंदच्या भट्टीभोवती येरझाऱ्या घालत होती.

तिनं दंडावरची पट्टी नखानं खरवडली. ऐंशी दिवसांची हळद सुटली. खालून एक नंबर वर आला.

ताम्हन. तुळशीपुढं ताम्हन फिरवलं होतं. सूर्याला दाखवताना फिरवलं होतं. देवाची उजवी, आपली उजवी… तिला आधी हसू फुटलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम. ऐंशी दिवस तो माणूस मेणवलीच्या वाटेनं चालला, आणि शाबासकी हिनं घेतली. जिलब्या हिनं खाल्ल्या, आणि बोलणी त्यानं.

*दिवा लावला दारात, उजेड गं घरभर,*
*दिव्याखालच्या अंधारी, मीच बसले जन्मभर.*

फोन उचलला आणि परत ठेवला. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. ज्याला तोंडावर खोटं म्हटलं, त्याला तोंडावरच खरं सांगायचं असतं.

सकाळी सहाच्या गाडीनं ती निघाली. गाडी गुणगुणत होती आणि उज्ज्वला मनात वाक्यं जुळवत होती. लोणंदच्या स्टँडवरून मांडवापर्यंत तिनं धावच घेतली. मांडवामागं भट्ट्या पेटल्या होत्या, मसालेभाताची वाफ शेजारच्या चिंचेत शिरत होती, आणि भानुदास हातात पळी धरून आमटीच्या पातेल्यापुढं उभे होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"मावशी, तू तरी बघ चव."

"माझी जीभ तंबाखूनं कवाच मेलीय," तानूमावशी लाटणं न थांबवता म्हणाली. "मला साखर नि मीठ एकच लागतंय. तुझं तू बघ बाबा."

"मी बघते," असं म्हणत उज्ज्वला पुढं आली. भानुदास दचकले. तिनं त्यांच्या हातातली पळी घेतली, आमटीत बुडवली, फुंकर घातली आणि त्यांच्या ओठांपाशी धरली.

"घ्या."

"अगं, मी शपथ…"

"शपथ माझ्या मूर्खपणापायी घेतली होतीत. तो मूर्खपणा वाईला ठेवून आलेय. आधी घ्या, मग सांगते."

पुऱ्या लाटणाऱ्या सात बायकांची लाटणी थांबली. तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत हे असं! भानुदासांनी डोळे मिटले आणि आमटी चाखली.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की उन्हानंही लाजावं. "अगं, सहाशे पान आळणी गेलं असतं की!"

मुठीनं मीठ पडलं. मग तिनं सांगितलं. ताम्हन, तुळस, हळद, पाचशे पावलं. सांगता सांगता बायकांमध्ये खसखस पिकली. भानुदास तर भट्टीच्या दगडावर बसून पोट धरून हसायला लागले.

"म्हणजे ऐंशी दिवस चाललो मी, आणि मला बसवलंस कट्ट्यावर?"

"हो."

"आणि बाईमाणसाचं घरातलं चालणं?"

"अडीच हजार पावलं," ती तोंड पदरात लपवून म्हणाली.

"आणि माझी साखर?"

"पाचगणीसारखी हिरवी."

भानुदासांनी आपल्या पावलाकडं पाहिलं. फोडाच्या जागी आता नुसता गुलाबी डाग होता. तो कधी भरला, हे भांडणाच्या भरात दोघांनाही दिसलं नव्हतं. मग हसता हसता ते मध्येच थांबले. आचारी माणूस, उकळीच्या आवाजावरून पातेल्याच्या तळाचं ओळखणारा.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "म्हणजे तो तांबडा दिवा तुझा आहे."

तहान, गळलेली दुपार, उभ्यानं आवरलेली पातेली, सगळं तिलाही आत्ताच एकत्र आठवत होतं.

"तुला विचारलंच नाही कधी, तू काय खातेस," ते म्हणाले. "मला रांधून वाढणारी बाई काय खाते, हे मी आचारी असून विचारलं नाही."

पंगत बसायला वेळ होता. भानुदासांनी एक केळीचं पान घेतलं, धुतलं, चिंचेखाली मांडलं. त्यावर आधी ओंजळभर काकडीची कोशिंबीर, मग वांग्याची भाजी, मग डाळ, आणि शेवटी लिंबाएवढा मसालेभात. "बस. आज पहिलं पान तुझं. आधी गवत."

"लोक बघतायत हो!"

"बघू दे. लोक काय, रोजच बघतात."

ती बसली. तीस वर्षांत ती पहिल्यांदाच कुणाच्याही आधी, मांडी घालून, बसून जेवत होती. काकडीचा गारवा जिभेवर आला आणि तिला वाटलं, चव चव म्हणतात ती ही असावी.

निघताना यजमान नेहमीचा डबा घेऊन आले. भानुदासांनी तो दोन्ही हातांनी परत केला. "मान राखला, पावलं. पण ह्याच्यात काकड्या भरून द्या, नि चार गाजरं." यजमान चक्रावले. त्यांना वाटलं, आचारी रागावला.

डॉक्टर ऋजुतांनी सगळं ऐकलं तेव्हा त्यांची सासूगिरी गळून पडली आणि त्या टेबलावर डोकं टेकवून हसल्या. मग दोघांचं रक्त तपासलं. "काका, भट्टी तुमची. जिलबी करा, खाऊ नका. काकू, तुमची साखर उंबऱ्यावर आहे, अजून आत आलेली नाही. उंबऱ्यावरून परत पाठवता येते. काकांनी तर दाखवलंच कशी ते. आणि खरं सांगू? ही चूक झाली नसती तर कदाचित तुमच्या दिव्याकडं तुम्ही बघितलंच नसतं. बायका आपला दिवा बघत नाहीत."

नव्या पट्ट्या आल्या तेव्हा वेष्टनावर बारीक अक्षरांत एक सूचना वाढलेली होती: पूजा करावयाची असल्यास पट्टी अंगावर चिकटवल्यानंतर करावी.

मग पूजा तशीच झाली. आधी एक नंबर भानुदासांच्या दंडावर, दोन नंबर उज्ज्वलाच्या. मग तिनं त्यांच्या पट्टीला हळदीकुंकू लावलं. त्यांनी करंडा स्वतःकडं ओढला आणि तेलानं भाजून भाजून राठ झालेल्या बोटानं तिच्या दंडावर कुंकू टेकवलं. जरा जास्तच लागलं, ओघळलं.

"चला," ती म्हणाली. भाकऱ्या परत येऊन होणार होत्या. दोघं मिळून थापणार होते. त्यांच्या भाकरीचा आकार बघून हसायचं, हे तिनं आधीच ठरवलं होतं.

घाटाच्या पायऱ्यांवर कोवळं ऊन पडलं होतं. मेणवलीच्या वाटेला वळताना ती मागं राहिली, तसे ते थांबले. ती जवळ येईपर्यंत त्यांना तिची ओवी ऐकू आली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी मोठ्यानं दाद दिली:

*चाल चाल रे पावला, वाट सरू दे जोडीनं,*
*एक घास तुझा-माझा, खाऊ मोजून गोडीनं.*